कुलूप, कोयंडा आणि किल्ली



चातुर्मासात आपल्या कुटुंबांत घर आणि दुकान एकाच वेळी बंद राहण्याचे प्रसंग वाढतात. पर्युषणात सायंकाळी सारे घर प्रतिक्रमणास जाते. एखाद्या रविवारी दर्शनासाठी परगावी जाणे होते. देवळा, उमराण्याच्या कांदा बाजाराशी संबंध असलेल्या पेढ्यांवर तर लिलावानंतरची रक्कम कधी रात्रभर तिजोरीतच राहते. अशा दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: सर्वांत भक्कम कुलूप कोणते?

या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर बोधप्रद आहे. लंडनमध्ये ब्रामा या कंपनीने आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. कित्येक दशके कोणालाही ते साधले नाही. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांच्या अवधीत सुमारे ५१ तास खटपट करून ते उघडले. तात्पर्य हे, की न उघडणारे कुलूप जगात नाही. चांगले कुलूप चोराचा वेळ घेते, आणि चोराजवळ वेळच नसतो. आपण दुकानात पैसे मोजून विकत घेतो तो हा वेळ.

मुंबईत लालबागला आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला. तेव्हापासून आपल्याकडे परिचित असलेल्या लिव्हरच्या कुलपात आत पातळ पट्ट्या असतात. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच खिट्टी सरकते. पट्ट्या जितक्या अधिक, तितके तारेने उघडणे कठीण. म्हणून दुकानासाठी सात-आठ लिव्हरचे कुलूप घ्यावे. पण तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण आपल्या बाजारपेठेतला चोर सहसा तार घेऊन बसत नाही. तो पहार किंवा करवत घेऊन येतो. तेव्हा कुलपाची वाकडी दांडी कडक पोलादाची आहे का, आणि कुलूप लावल्यावर ती बाहेर किती उघडी राहते, हे पाहावे. दांडी जितकी झाकलेली, तितकी पहार घालायला जागा कमी. दाराच्या आत बसवायचे सिलिंडरचे कुलूप असेल, तर ते ड्रिलला दाद न देणारे आहे का हे विचारावे.

त्यानंतर कोयंडा पाहावा. दोन हजारांचे कुलूप आणि चार आखूड स्क्रूंवर बसवलेला वीस रुपयांचा कोयंडा, ही जोडी आपल्या गावात सर्रास दिसते. कोयंडा आरपार बोल्टने बसवावा आणि त्याचे नट आतल्या बाजूस असावेत. शटरची गोष्ट निराळी. दोन्ही टोकांना कुलपे असली तरी शटर मध्यभागी उचकटता येते. म्हणून मध्ये जमिनीत अडकणारे तिसरे कुलूप असावे. बोटाच्या ठशावर उघडणारे आधुनिक कुलूप सोयीचे खरे, परंतु बॅटरी संपल्यावर ते कशाने उघडते हे आधी जाणून घ्यावे.

आता किल्लीविषयी, कारण बँकेतील नोकरीने शिकवलेली मुख्य गोष्ट तीच. बँकेची रोकड तिजोरी एका हाताने उघडत नाही. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दुसरा संच सीलबंद करून अन्यत्र ठेवलेला असतो. यात कोणावर अविश्वास नसतो. उलट उद्या काही घडले तर प्रामाणिक माणसावर बालंट येऊ नये, ही त्यामागची योजना. आपल्या पेढीवर मात्र तिजोरीची किल्ली बहुधा गादीखाली किंवा गल्ल्याच्या खणात असते, आणि हे दुकानातल्या साऱ्यांना ठाऊक असते.

याची किंमत विम्याच्या वेळी कळते. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याची खूण महत्त्वाची ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल खटल्यात हेच सांगितले, की पॉलिसीत तशी अट असेल तर केवळ चोरी झाली एवढ्याने भरपाई मिळत नाही. तिजोरी तिच्याच किल्लीने उघडली गेली आणि ती किल्ली कोणी धाकाने हिसकावलेली नसेल, तर अनेक पॉलिसी नुकसान नाकारतात. म्हणून आपल्या पॉलिसीतील ते कलम आजच वाचावे, आणि तिजोरीची किल्ली रात्री दुकानात ठेवू नये.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनीही एक आकडा लक्षात ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे तीन हजार असेल तर भरपाई तीन लाखांपर्यंत. सोने त्याहून अधिकचे असेल तर त्याचा स्वतंत्र विमा हवा. लॉकरला वारसाचे नामांकन करावे आणि वर्षातून एकदा तरी तो उघडावा.

शेवटची सूचना घरातल्यांसाठी. घराला भक्कम कुलूप घालताना आत वृद्ध आई-वडील किंवा मुले असतील, तर त्यांना आतून दार उघडता आलेच पाहिजे. आग लागली तर बाहेरचे कुलूप चोराहून घातक ठरते. दुसरी किल्ली कोठे आहे हे घरातील किमान दोघांना माहीत असावे, आणि त्या दोघांत घरातली एक स्त्री अवश्य असावी. पुरुष मंडळी बाजारात किंवा परगावी असताना प्रसंग तिच्यावरच येतो.

येत्या रविवारी घरातल्या मंडळींना जवळ बसवून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: कोयंडा कशाने बसवला आहे, किल्ल्या किती व कोणाकडे आहेत, आणि पॉलिसीत काय लिहिले आहे. कुलूप कोणते घ्यावे हा प्रश्न त्यानंतरचा.