असेंब्लीच बदला!

जगातल्या अप्रिय शब्दांची यादी करायला मला कोणी सांगितलं, तर 'ऑडिट', 'इन्कम टॅक्स' आणि 'मुक्कामी पाहुणे' यांना मी खाली ढकलीन आणि पहिल्या नंबरावर लिहीन : 'असेंब्लीच बदला!'

त्याचं असं झालं. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला सकाळी दहाची वेळ दिली होती आणि आई आठपासूनच गाडीत जाऊन बसली होती. पुसेगावातल्या आमच्या घरासमोर गणपतीचं नाव घेऊन मी किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, इंजिन मात्र ढिम्म! आमच्या बँकेत सर्व्हर बसतो तेव्हाही हेच होतं. पंखे फिरतात, दिवे लागतात, साहेब ओरडतात, फक्त काम होत नाही.

विम्याबरोबर मिळालेल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "पुसेगाव म्हणजे सेवागिरी महाराजांचं ना, सर?" म्हटलं, "नाही हो, ते सातारा जिल्ह्यातलं. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुका. नामदेव महाराजांच्या नर्सीकडचं." ती म्हणाली, "थँक्यू सर, आमचा माणूस साताऱ्याहून निघतोय."

शेवटी गल्लीतल्या चार पोरांनी धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी निघाली. आईला आणि सौभाग्यवतींना दवाखान्यात सोडून, इंजिन बंद न करता मी थेट वर्कशॉप गाठलं. इस्त्रीच्या शर्टातल्या एका मुलाने इंजिन बंद केलं, किल्ली फिरवली, 'टक्' ऐकलं आणि बॉनेटही न उघडता निकाल दिला, "स्टार्टर गेला, सर. असेंब्लीच बदला. ७,४०० रुपये, लेबर वेगळं."

"पण आत बिघडलंय काय?"

"आम्ही उघडत नाही, सर!" हे त्याने अशा अभिमानाने सांगितलं की, जणू न उघडण्याचं त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

वाचकहो, माझं भांडण या वाक्याशी आहे. मी बी.कॉम. माणूस. मला मशिनरीतलं कळत नाही, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे. पण खतावणीत एक नोंद चुकली म्हणून आम्ही खतावणी जाळत नाही. चूक शोधतो, उलट नोंद करतो, खाली सही करतो. "नोंद चुकली, वहीच बदला" असं म्हणणाऱ्या कारकुनाला बँक दुसऱ्या दिवशी घरी बसवील. वर्कशॉपात मात्र त्याला इस्त्रीचा शर्ट मिळतो!

शिवाय स्टार्टर हा आमच्याच बिरादरीतला. पूर्वी मोटार हँडल मारून सुरू करावी लागे, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडे. (आपल्याकडच्या फियाट-अँबेसेडरलाही अडीनडीला हँडल चालत असे.) १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने विजेचा स्टार्टर बसवला. हा गृहस्थ त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला, कॅश रजिस्टरला, विजेची मोटर बसवत होता. मोटरला क्षणभरच जोर लावायचा असेल तर ती लहान असली तरी चालते, ही खूणगाठ त्याने तिथेच बांधली. म्हणजे गाडीत बसण्याआधी ही मोटर पैशाच्या काउंटरवर होती. तिला असं टाकून कसं द्यायचं?

मी गाडी पुन्हा ढकलायला लावली. एवढी सेवा वर्कशॉपने फुकट केली. मग पत्र्याच्या शेडमधल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी स्टार्टर काढला, उघडला आणि मला हाताला धरून आत डोकवायला लावलं. "किल्ली फिरवली की सोलेनॉइड खटका ओढतो, दातेरी चाक फ्लायव्हीलला भिडवतो आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरला देतो. खटका ओढला, म्हणून 'टक्' झालं. पण मोटरमधले कार्बन बघा, साहेब. घासून नखाएवढे राहिलेत. करंट पोचणार कसा?" नवे कार्बन, थोडा पॉलिश पेपर, एक बुश, ग्रीस. दीड तास आणि ६५० रुपये. जुने कार्बन त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात ठेवले.

"मुलगा मदतीला नाही?" मी विचारलं.

"तो तिकडं वर्कशॉपात लागलाय. तिथं उघडायचं कामच नाही, नुसतं बदलायचं." ग्रीसचे हात पुसत ते म्हणाले, "माझ्यामागं हे कोण उघडणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. ७,४०० आणि ६५० यांच्यातली वजाबाकी मला येते, पण या माणसाची किंमत कुठल्या खात्यात टाकायची ते कॉमर्सच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वर्कशॉपचीही बाजू आहे, नाही असं नाही. नव्या मालाला गॅरंटी असते, गिऱ्हाईक घाईत असतं, आणि आर्मेचर जळालं असेल तर शहाणा माणूसही स्टार्टर बदलाच म्हणेल. पण ते जळालंय की नाही हे न उघडता कळतं कसं? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोबाईल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर मोटारीही होत्या. माझी मागणी त्याहून साधी आहे : आधी उघडा, काय गेलं ते दाखवा, दोन्ही खर्च सांगा आणि जुना भाग परत द्या. मग बदलायचं की नाही, ते मी ठरवीन.

संध्याकाळी आईला आणायला गेलो. डोळ्यावर पट्टी, चेहऱ्यावर समाधान. डॉक्टर म्हणाले, "आतलं भिंग तेवढं बदललं. बाकी डोळा उत्तम आहे."

मी डॉक्टरांचे हात धरले. त्यांना वाटलं, आईचं सुखरूप झालं म्हणून. तेही होतंच. पण खरं सांगायचं तर, चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई बघूनही "असेंब्लीच बदला" न म्हणणारा माणूस त्या दिवशी मला दुसऱ्यांदा भेटला होता.