अर्धा माणूस

परवा भाची केदारनाथहून आली. देवदर्शनाबद्दल दोन वाक्यं आणि खेचरांबद्दल वीस मिनिटं! घोडी आणि गाढव यांचं पिल्लू म्हणजे खेचर, त्याला स्वतःला सहसा पिल्लं होत नाहीत, असं मी ज्ञान पाजळलं. त्यावर तिने शांतपणे विचारलं, "मामा, मग माणूस आणि चिंपांझी?"

ताई पोळ्या लाटत होती. "जेवायच्या वेळी काय हे अभद्र!" म्हणाली आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

(जाता जाता, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या बिनशेपटीच्या मंडळींना मराठीत बोलताना चटकन शब्दच सापडत नाही. पुस्तकात 'कपी' म्हणतात, घरी सगळी माकडंच.)

आधी विज्ञान. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, तरी खेचर होतं ६३ घेऊन. आपली ४६, चिंपांझीची ४८. म्हणजे नुसत्या आकड्यामुळे अडतं असं नाही. पण घोडा आणि गाढव वेगळे झाले सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी, आपण आणि चिंपांझी त्याहून बरेच आधी, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी. असा संकर कधी झाल्याचा एकही पुरावा नाही. २०२१ मध्ये चीनमधल्या प्रयोगशाळेत माकडाच्या १३२ भ्रूणांत माणसाच्या पेशी सोडल्या होत्या, त्यातले तीनच १९ व्या दिवसापर्यंत टिकले. पण ती पेशींची सरमिसळ, संकर नव्हे.

प्रयत्न मात्र झालाय, आणि तो वाचून मी खरंच हादरलो. इल्या इवानोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ घोड्यांच्या कृत्रिम रेतनातला मोठा माणूस. सोव्हिएत सरकारच्या पैशावर तो १९२६ साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या गिनीत गेला. १९२७ मध्ये त्याने तीन चिंपांझी माद्यांना जाळ्यात धरून, तिथल्या आफ्रिकन नोकरांना कळू नये म्हणून घाईघाईत, माणसाचं वीर्य दिलं. एकही गाभण राहिली नाही.

मग त्याने उलटा बेत आखला. इस्पितळात आलेल्या आफ्रिकन बायकांना, तपासणीच्या नावाखाली, त्यांना न सांगता चिंपांझीचं वीर्य द्यायचं! फ्रेंच गव्हर्नरने परवानगी नाकारली म्हणून ते टळलं. पुढे काळ्या समुद्राकाठी सुखुमीला, निदान स्वखुशीने येणाऱ्या बायकांवर, प्रयोग ठरला. १९२९ मध्ये तिथला एकुलता एक प्रौढ नर ओरांगउटान मेला. १९३० मध्ये इवानोव्हला अटक झाली, अल्मा-अताला हद्दपारी झाली, १९३२ मध्ये तो तिथेच वारला.

या विषयावर चर्चा निघाली की लोक एकच विचारतात : जन्माला येईल तो माणूस की जनावर? त्याला मतदानाचा हक्क का, पिंजरा का? रिचर्ड डॉकिन्सनी तर लिहिलंय की असा एक जरी जीव निघाला तरी माणूस आणि प्राणी यांच्यातली आपली भिंत कोसळेल. मला डॉकिन्स आवडतात, पण हे पटत नाही. कारण ही परीक्षा आपण एकदा देऊन बसलोय.

ऑलिव्हर नावाचा एक चिंपांझी होता. दोन पायांवर चालायचा, डोक्यावर केस कमी, चेहरा सपाट. १९७० च्या दशकात त्याची अर्धा माणूस म्हणून जाहिरात झाली. मग काय केलं आपण त्याचं? भिंतबिंत काही कोसळली नाही. त्याला टीव्हीवर नाचवला, खेळांतून फिरवला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला. १९८९ मध्ये तो प्रयोगांसाठी प्राणी पुरवणाऱ्या कंपनीकडे गेला आणि तिथे वर्षानुवर्षं लहानशा पिंजऱ्यात बसून राहिला. १९९० च्या दशकात तपासणी झाली. गुणसूत्रं ४८. पूर्ण चिंपांझी. पण तोवर तो अर्धा माणूस असेलही, असं वाटणारे लोक होतेच ना? त्या 'असेलही'चा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही.

आणि गिनीतल्या त्या बायका तर पूर्ण माणूस होत्या, ४६ च्या ४६ गुणसूत्रांसकट. म्हणून मला वाटतं, जो जीव जन्मलाच नाही त्याचं काय करायचं हा प्रश्न नंतरचा. त्या बाईला विचारलं का, त्या मादीला जाळ्यात का धरलं, हे आधी. आणि याच प्रश्नांवर माझ्या मते असा प्रयोग बाद होतो, तो यशस्वी होणार असला तरी.

ऑलिव्हरला शेवटी टेक्सासमधल्या प्राणी-आश्रमात जागा मिळाली. सांधे धरलेले, दिसत जवळजवळ नाही, पण उघडं अंगण होतं. २०१२ च्या जूनमध्ये गेला.

भाचीला हे सगळं सांगायचंय. ताई, तूही वाच... जेवण झाल्यावर.