थंडीला कशाला शिव्या देता?

ऑक्टोबर संपत आला की आमच्या इथल्या मराठी लोकांत थर्मल्सच्या चौकश्या सुरू होतात. कुणाचे तरी आईबाबा यायचे असतात. चिंचवडहून, निगडीहून, कुणाचे पार भोसरीहून. मग जानेवारीत त्याच घरातून वेगळा सूर ऐकू येतो. "बाबा फार कंटाळलेत रे. आई तर बोलतच नाही. ही थंडी झेपत नाहीये त्यांना." त्यावर कुणीतरी सीनियर माणूस (म्हणजे इथे आठ हिवाळे काढलेला) निकाल देऊन टाकतो: म्हातार्‍या माणसांना हिवाळ्यात बोलवूच नये.

मला या निकालाचा भयंकर राग येतो. थंडीचा दोष आहे, नाही असं नाही. पण तुम्ही तिच्या नावावर जेवढं खपवता तेवढा नक्कीच नाही.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी चिंचवडचा, गेली तीन वर्षं जर्मनीत वोल्फ्सबुर्गला. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ला सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीजही पिंपरीहून चाकणला गेली. तेव्हापासून आपल्या पट्ट्यातली पोरं जर्मनीला येतात-जातात, काही कारखान्यांतली, काही आमच्यासारखी सॉफ्टवेअरवाली. म्हणजे पूर्वी जसं प्रत्येक गल्लीत एक 'मुलगा अमेरिकेला' असायचा तसं आता प्राधिकरणात एक तरी 'श्टुटगार्टला' किंवा 'वोल्फ्सबुर्गला' सापडतो. आणि त्यांचे आईबाप कोण? टेल्को, बजाज, एचए, नाहीतर भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपात उमेद घालवलेली माणसं.

माझे बाबा टेल्कोत फिटर होते. फर्स्ट शिफ्टला पहाटे अंधारात चापेकर चौकात बसची वाट बघत उभे राहायचे. डिसेंबरात, दहा-अकरा डिग्रीत, माकडटोपी आणि मफलर घालून. घरी ना हीटर, ना डबल काचेच्या खिडक्या. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर लोखंड हाताळायचं. चौतीस वर्षं. आणि अशा माणसाला २२ डिग्रीला गरम केलेल्या फ्लॅटमध्ये बसवून तुम्ही म्हणता त्याला थंडी झेपत नाहीये? जरा तरी विचार करा राव.

काय झेपत नाही ते मी सांगतो. या माणसाचा चिंचवडमधला दिवस बघा. पहाटे दुर्गाटेकडी. तिथून परत येताना दूध. सोसायटीची पाण्याची मोटर चालू-बंद करायची जबाबदारी त्यांची, चावी त्यांच्याकडे. दहा वाजता पेपर आणि ज्येष्ठ नागरिक संघातली भांडणं. खिशात पीएमपीएमएलचा पास, वाटलं तर मोरया गोसावीच्या दर्शनाला, वाटलं तर बहिणीकडे आळंदीला. संध्याकाळी कट्टा. कट्ट्यावर त्यांच्या मताला किंमत. आता यातलं एकेक काढून घ्या. चावी नाही. पास नाही. खिशात पैसे नाहीत, असले तर कुठली नोट कशी द्यायची माहीत नाही. खाली जायचं तर मुलाला विचारून. दुकानात जायचं तर शनिवारी, सगळ्यांबरोबर गाडीत बसून (रविवारी दुकानं बंद). बोलायचं तर फक्त बायकोशी, आणि तिच्याशी बोलून झालंय गेली पस्तीस वर्षं! असा माणूस मे महिन्यात ठेवलात तरी गप्प होईल. डिसेंबरात फक्त एवढंच होतं, की तुम्हाला बोट दाखवायला खिडकीबाहेर बर्फ मिळतो.

अंधार मात्र खरा. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. वोल्फ्सबुर्गला डिसेंबरात साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि चार वाजून गेले की मावळतं, तेही ढगांआड. सूर्य दिसला नाही म्हणून आईने पहिल्या आठवड्यात देवापुढे दिवा नक्की कधी लावायचा हे मला दोनदा विचारलं. बरं, इथला हिवाळा काही सिनेमातला पांढराशुभ्र हिवाळा नव्हे. बर्फ कमी, चिखल आणि करडा रंग जास्त, तापमान शून्याच्या वरखाली घुटमळत असतं. त्यामुळे दुपारी बारा ते दोन हा वेळ सोन्याचा. नेमका तेव्हाच आपण ऑफिसात असतो आणि आपल्या आईबापांना 'आम्ही आल्यावर जाऊ' सांगून गेलेलो असतो.

आता मूळ मुद्दा, जो कुणी बोलत नाही. तुम्ही हिवाळ्यात त्यांना का बोलावलंत? फिरायला? फिरायला बोलवायचं तर जून आहे, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. हिवाळ्यात बोलावलंत कारण बाळ हिवाळ्यात झालं, किंवा बायकोची रजा संपली, किंवा पाळणाघरात जागा मिळेना. म्हणजे कामाला बोलावलंत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आपल्याकडे बाळंतपण आजीशिवाय होतच नाही. पण मग कामाला बोलावलंय असं म्हणा ना. 'आईबाबांना युरोप दाखवतोय' म्हणून ख्रिसमस मार्केटचे तीन फोटो टाकायचे आणि बाकीचे सत्याऐंशी दिवस साठीतल्या बाईकडून पोळ्या, लंगोट आणि रात्रीची जागरणं करून घ्यायची, हे मला पटत नाही. आईने नकार दिला असता का? मुळीच नाही. पण फिरायला आलेल्या माणसाला सुट्टी मागता येत नाही आणि कामाला आलेल्याला येते, एवढा साधा फरक आहे.

आणि इथे तर कायद्याने बापालासुद्धा रजा आहे! जर्मनीत आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत पालकरजा घेता येते. सरकार पालकभत्ता देतं, आणि दोघांनीही निदान दोन-दोन महिने घेतले तर तो एकूण चौदा महिने मिळतो. ब्लू कार्डवाल्यांनाही. तरी आपली पोरं घेत नाहीत. मी दोन महिने मागितले तेव्हा आमचा मॅनेजर (भारतातला, इथला नव्हे) म्हणाला, "अरे पण तुझी आई येणार आहे ना?" म्हणजे माझ्या आईला कंपनीने रिसोर्स प्लॅनिंगमध्ये धरलेलंच होतं. बिलिंग शून्य!

आमच्याकडे मुलगी नोव्हेंबरात झाली. आईबाबा आठवड्याभराने आले. इथे बाळंतिणीकडे सरकारी विम्यातून सुईण घरी येते, पहिले काही दिवस तर रोज. तिला हेबामे म्हणतात. आमची हेबामे साधारण आईच्याच वयाची. ती आली की पहिलं काम म्हणजे खिडकी सताड उघडायची. बाहेर उणे तीन. आई ताबडतोब बंद करायची. खोलीत हवा खेळती पाहिजे, हे इथे जवळजवळ धर्मासारखं पाळतात, नाहीतर भिंतींना बुरशी येते. उलट आईच्या हिशेबात सव्वा महिना बाळंतिणीला वारा लागता कामा नये. तिने ओवा-बाळंतशोपेची धुरी करायचा घाट घातला आणि स्मोक अलार्म असा काही बोंबलला की वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. (अलार्म कायद्याने सक्तीचा आहे, काढता येत नाही. प्रयत्न झालेला आहे.) पण महिन्याभरात त्या दोघींची एकही भाषा सामायिक नसताना तह झाला. खिडकी दहा मिनिटं उघडी, तेवढा वेळ बाळ दुसर्‍या खोलीत. टोपरं कायम. हेबामे जाताना डिंकाचा लाडू घेऊन जायची. आई त्या घरात पाहुणी नव्हती, तिच्याकडे एक खातं होतं, त्यात तिचा शब्द चालायचा आणि ती त्यावर भांडूही शकायची. कंटाळली नाही. दमली मात्र, आणि दमल्यावर 'आज पोळ्या होणार नाहीत' असं सरळ सांगितलं. त्या दिवशी आम्ही ब्रेड खाल्ला.

बाबांचं अवघड होतं. त्यांना खातंच नव्हतं. माझ्या बायकोने दुसर्‍याच दिवशी त्यांच्या हातात घराची किल्ली दिली, पन्नास युरो सुट्टे दिले आणि घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवली. ते रोज अकराला बाहेर पडायला लागले. तिसर्‍या आठवड्यात घसरले. ओल्या फूटपाथवर रात्रीत गोठलेला थर, काचेसारखा, दिसतच नाही. मनगट मुरगळलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं.

मग जे फोन आले! पुण्याहून मामा, इथून ओळखीचे सगळे. सगळ्यांचं एकच, आता घरात बसवा. मला त्यांचं म्हणणं कळतं. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर खेळ नाही. शेंगेन व्हिसाला विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो खरा, पण बर्‍याच पॉलिसींत आधीपासूनचं बीपी-शुगर धरत नाहीत, आणि यजमान म्हणून हमीपत्रावर सही केली असेल तर सरकार उरलेला खर्च आपल्याकडून वसूल करू शकतं. हा धोका काल्पनिक नाही. पण घरात बसवण्याचाही धोका असतोच ना? चालणं बंद, ऊन बंद, बोलणं बंद, तीन महिने. त्याचा एक्स-रे निघत नाही म्हणून तो कुणी मोजत नाही. आम्ही बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "शॉपमध्ये तेल सांडलेलं असायचं तेव्हा काय कामावर जायचं बंद केलं?" बुटांवर चढवायचे रबरी स्पाइक्स पंधरा-वीस युरोंना मिळतात. ते आणले. दहाच्या आत बाहेर पडायचं नाही एवढं ठरलं, कारण तोवर लोकांनी आपापल्या दारासमोर बर्फ काढून खडी टाकलेली असते.

वोल्फ्सबुर्गच्या मुख्य रस्त्यावर, पोर्शेश्ट्रासंवर, म्हातारे इटालियन उभे असतात. १९६२च्या जानेवारीत इटालियन कामगारांची पहिली तुकडी इथल्या कारखान्यात आली, तीही भर थंडीत, बायकामुलं मागे ठेवून, लाकडी बराकीत राहायला. पुढे त्यांतले बरेच इथेच राहिले. बाबांची त्यांच्यातल्या एकाशी गाठ पडली. इंजिनच्या लाइनवर होता म्हणे. 'म्हणे' कारण बाबांना इटालियन येत नाही आणि त्याला मराठी. दोघं हाताने बोलायचे. एकदा मी लवकर सुटून तिकडून गेलो तर बाबा हवेत टॉर्क रेंच फिरवून दाखवत होते आणि तो मान डोलावत होता. तासभर चालायचं त्यांचं, शून्य डिग्रीत! मला हाक मारायची इच्छा झाली नाही.

प्रत्येकाला असा इटालियन सापडेल असं मी म्हणत नाहीये. पण सापडायला आधी दाराबाहेर पडावं लागतं. आणि खर्चाचं रडगाणं नको. इथे गावातल्या बसेस आणि लोकल-रिजनल गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट मे २०२३ला ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२५ला ५८ झालं, जानेवारी २०२६पासून ६३. दोघांचे १२६. आपण एका विकेंडला बाहेर जेवून एवढे उडवतो. त्यात ब्राउनश्वाइग होतं, हानोफर होतं, नुसतं बसून उबदार गाडीतून बाहेर बघणंही होतं. जर्मनीत निदान नव्वद दिवसांचा नियम आहे. कॅनडात २०२२पासून सुपर व्हिसावर आईबापांना एका वेळी पाच वर्षं राहता येतं. टोरांटोतला माझा मित्र त्याबद्दल खूश आहे. त्याला मी विचारलं, बाबांकडे किल्ली आहे का? तर म्हणाला, कशाला, आम्ही असतोच ना घरी.

पाच वर्षं!

या डिसेंबरात आमच्या ओळखीतल्या तीन घरी आईबाबा येतायत, एकजण आकुर्डीचे आहेत. बाबांचे स्पाइक्स माझ्याकडे कपाटात पडून आहेत, नऊ नंबरच्या बुटाला बसतात. ज्याला हवेत त्याने घेऊन जा. मात्र ते आईबाबांच्या बुटांवर चढलेले मला दिसले पाहिजेत, तुमच्या गाडीच्या डिकीत नव्हे.