‘अनफिट’चा कागद हाती आला तर

कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना विमान डोक्यावरून जाताना रोज दिसतं. त्यातल्या एखाद्याने वैमानिक व्हायचं ठरवलं आणि वैद्यकीय तपासणीत ‘तात्पुरता अनफिट’ असा शेरा पडला, की घर खचतं. कारण पुष्कळदा साधंच असतं: सोनोग्राफीत दिसलेला मूतखडा, चढलेला रक्तदाब. खड्याची कळ कॉकपिटमध्ये उठली तर हात चालणार नाहीत, म्हणून नियम कडक आहे, आणि तो योग्यच आहे. पण खडा निघाला, तसा अहवाल जोडला, की फेरतपासणी मागता येते. ‘कायमचा अनफिट’ ठरवलं तरी डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, दाद मागता येते. तिथे ‘प्रकृती उत्तम’ एवढ्या चिठ्ठीने भागत नाही. आक्षेप नेमका कशावर आहे ते वाचून त्यालाच उत्तर देणारा तज्ज्ञाचा अहवाल लागतो, म्हणून विमानवैद्यक जाणणारा डॉक्टर गाठावा. परत उडता येतं याचं उदाहरणही आहे: २०२० च्या कोळिकोड विमान अपघातात गेलेले कॅप्टन दीपक साठे हवाई दलात असताना डोक्याला गंभीर इजा होऊन सहा महिने रुग्णालयात होते, तरी चाचण्या पार करून पुन्हा उडाले, असं त्यांच्या नातेवाइकांनी सांगितलं होतं. पालकांनो, प्रशिक्षणाच्या फीसाठी जमीन गहाण टाकण्याआधी वैमानिकांसाठीच्या क्लास टू आणि क्लास वन या दोन्ही वैद्यकीय तपासण्या करून घ्या, आणि पोराचा कुठलाही जुना आजार डॉक्टरांपासून लपवू नका.