आधी कँटीनची खिडकी, मग कामगाराचा खिसा

गुटखा खाणारा माणूस मला जेवणाच्या खिडकीतूनच ओळखू येतो. तो भाकरीला हात लावत नाही. पोळी घेतली तरी वरणात कुस्करतो. ठेचा पुढे केला की हात आडवा धरतो, "मावशी, तिखट नको, तोंड भाजतं." वय असतं पंचविशीच्या आसपास. काही महिन्यांनी तो नुसता वरण-भात मागायला लागतो, तोही मऊ. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची तीन बोटं उभी सहज जातात. याची दोन जाणंही मुश्कील. गालाच्या आतली कातडी आवळत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. दवाखान्यात तो जाईल तेव्हा जाईल, कँटीनमध्ये हे कितीतरी आधी दिसतं.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कँटीन मी चालवते. करमाड-बदनापूरकडून मोटरसायकलवर येणारी पोरं, मुकुंदवाडीत खोली करून राहणारे, कायम कामगार, कंत्राटी कामगार, ऑफिसातले साहेब, सगळ्यांची ताटं माझ्याकडून जातात. म्हणून लोकांच्या खाण्यात आणि व्यसनात संस्थेनं पडावं का, या प्रश्नावर मला बोलायचं आहे. माझं उत्तर 'हो, पडावं' असंच आहे. मात्र संस्थेनं सुरुवात स्वतःच्या खिडकीपासून करावी. कामगाराच्या खिशाकडे तिनं त्यानंतर वळावं.

लोक म्हणतात, आमच्या पैशानं खातो, तुम्ही कोण सांगणार? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण तो विचारताना एक गोष्ट नजरेतून सुटते. कारखान्याच्या आत काय खायचं हे कामगार ठरवत नाहीच. 1948 च्या कारखाने कायद्यातल्या 46 व्या कलमानं अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथं कँटीन सक्तीचं करता येईल अशी तरतूद केली. नव्या कामगार संहितेनं ही मर्यादा 100 वर आणली आहे आणि त्यात कंत्राटी कामगारही धरले आहेत. कँटीन नफ्यासाठी चालवायचं नसतं आणि मेनू ठरवताना कामगारांच्या प्रतिनिधींना विचारायचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला ठेका मिळतो आणि मग तो दर वर्षानुवर्षं तिथंच थांबतो. त्या दरात रोज दुपारी चारला वडा नाहीतर समोसाच बसतो. समोर दुसरं काहीच नसताना कामगारानं आपल्या मर्जीनं वडा निवडला, असं कसं म्हणायचं?

या वड्याचं तेल एकदा जवळून बघावं. दोन-तीन दिवस वापरलेलं पाम तेल काळपट होतं, वडा सोडला की फेस कढईच्या काठापर्यंत चढतो आणि निवल्यावर झाऱ्याला चिकट राप बसतो. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात अपायकारक घटक साठत जातात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरायचं नाही, हा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून लागू आहे. तळणीसाठी रोज 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर त्याची नोंदही ठेवावी लागते. नियम चांगला आहे. पण दर कमी ठेवून स्वच्छ तेलाची अपेक्षा करणारा मालक आणि काळं तेल पुढच्या दिवसाला ढकलणारा ठेकेदार या दोघांनाही त्या वड्याची जबाबदारी घ्यावी लागेल. खाणाऱ्याला 'जंक फूड खाऊ नको' असं सांगण्याचा हक्क त्यानंतरच मिळतो.

आमच्याकडे चारच्या नाश्त्याला मटकीची उसळ, भाजके शेंगदाणे-गूळ आणि ताक आणायचं ठरलं तेव्हा कँटीन कमिटीत खडाजंगी झाली. एक कामगार प्रतिनिधी उभा राहिला आणि म्हणाला, "आमचा वडा काढता, मग वर केबिनमध्ये क्रीमची बिस्किटं आणि कोल्ड्रिंक कुणाला जातं?" सगळी बैठक गप्प झाली. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरही तेच शेंगदाणे आणि तेच ताक जातं. वडा शनिवारी होतो, ताज्या तेलात. सुरुवातीला पोरं गेटबाहेरच्या गाडीवर पळायची, काही अजूनही जातात. जाऊ देत. गेटबाहेर त्यांची मर्जी चालते. गेटच्या आत मी जे वाढते त्याला मी जबाबदार आहे.

बंदीनं काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जुने दिवस आठवावेत. दवाखान्याच्या व्हरांड्यात विडी ओढणारे नातेवाईक आणि कचेरीत फाइलवर राख झाडणारे कारकून आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2001 मध्ये न्यायालयानं रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. 2003 मध्ये कायदा आला, 2 ऑक्टोबर 2008 पासून कामाच्या जागाही नियमांत आल्या. दंड अवघा 200 रुपयांपर्यंतचा. तरीही आज वॉर्डात कुणी काडी ओढत नाही, कारण आजूबाजूचे लोकच त्याला बाहेर काढतील.

गुटख्याचं मात्र तसं झालं नाही. राज्यानं 2002 मध्ये बंदी घातली, 2004 मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. 2012 च्या जुलैत अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि ती दरवर्षी वाढवली जाते. तरी पुडी मिळते, फक्त महाग मिळते. परराज्यातून येते, टपरीवर डब्याखालून निघते. म्हणून बंदी उठवावी असं मला वाटत नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या तंबाखू घेणाऱ्यांचं प्रमाण 2009-10 मध्ये 31.4 टक्के होतं, ते 2016-17 मध्ये 26.6 टक्क्यांवर आलं. थोडं का होईना, खाली आलं. पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या राज्यात ओढणारे 3.8 टक्के आणि तोंडात धरणारे 24.4 टक्के. आपले फलक सिगारेटवर काट मारतात आणि आपलं दुखणं गालात आहे.

धूर दुसऱ्याच्या छातीत जातो म्हणून कायद्याला तिथं बोलता येतं. तंबाखूचा बार ज्याच्या ओठात, त्याच्याच जिवावर. मग संस्थेचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो रात्रपाळीत कळतो. पहाटे तीन-चारला प्रेसवर उभ्या पोराला डुलकी आली तर बोटं जातात. तो तळहातावर तंबाखू-चुना मळतो, बार भरतो आणि सकाळपर्यंत जागा राहतो. भूक मरते, म्हणून डबा न आणताही पाळी निघते. बारा-बारा तासांचं काम त्या पुडीच्या जोरावर उरकतं आणि उत्पादनाचा आकडा मालकाच्या वहीत जमा होतो. ज्या सवयीवर कारखान्याचं काम निघतं, ती सवय म्हणजे एकट्या कामगाराचा दोष, हे मला मान्य नाही.

म्हणूनच गेटवरची झडती मला खटकते. परिसरातल्या एका कारखान्यात कंत्राटी पोराच्या खिशात पुडी सापडली म्हणून त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. मजुरीच्या कायद्यात दंडावर मर्यादा आहे, पगाराच्या 3 टक्क्यांवर दंड कापता येत नाही आणि ती रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरावी लागते. हे त्या पोराला कोण सांगणार? धूम्रपानाच्या कायद्यातही एक फट आहे. 30 किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट, 30 खोल्यांचं हॉटेल आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. म्हणजे परवडणाऱ्याला दाराआड सोय आणि शॉपफ्लोअरवरच्याला झडती. पुडी आत आणू नये हा नियम मला मान्य आहे. तो मॅनेजरच्या गाडीपासून सुरू व्हावा. पुडी काढून घ्यावी, हजेरीला हात लावू नये.

आणि काढून घेतलं तर त्या जागी काहीतरी द्यावं लागतं. रात्री दोनला गरम जेवण, पहाटे दहा मिनिटांची सुट्टी आणि चहा. राज्य कामगार विम्यात ज्याची नोंद आहे तो कामगार पगारातले 0.75 टक्के भरतो, मालक 3.25 टक्के भरतो. या पैशातून वर्षातून एकदा प्रत्येकाचं तोंड बॅटरी लावून तपासायला काय अडचण आहे? गालातला पांढरा चट्टा वेळेत दिसला तर आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या रांगेत उभं राहायची वेळ टळू शकते. तंबाखूच्या पुडीवर व्यसन सोडण्यासाठीचा 1800112356 हा मोफत क्रमांक छापलेला असतो, पण पुडी फाडून फेकणाऱ्याच्या तो डोळ्यांपुढे येत नाही. तो मी कूपनच्या मागे छापून घेतला आहे.

शाळांबद्दल फार बोलायची गरज नाही, तिथं मुलांच्या मर्जीचा वाद येतच नाही. राज्यानं 2017 मध्ये शाळेच्या उपाहारगृहातून चिप्स, कोला, नूडल्स हटवायला सांगितलं. केंद्राच्या 2020 च्या नियमांनी जादा मीठ-साखर-तेलाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरमध्ये विकायला मनाई केली. तंबाखूसाठी हे अंतर 100 यार्ड आहे. मधल्या सुट्टीत कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभं राहा आणि मोजा. इथं महापालिकेनं आणि पोलिसांनी कडक व्हावं, त्यात मला काही चुकीचं दिसत नाही. फक्त गाडीवाल्याची गाडी उचलून नेण्याआधी त्याला तिथंच उकडलेले हरभरे, केळी विकायची मुभा द्यावी. त्याचंही पोट आहे.

कँटीन कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी तोंडाच्या तपासणीचा विषय मांडणार आहे, आणि त्याआधी कंत्राटी कामगारांच्या कूपनचा. कायम कामगाराला सवलतीचं ताट आणि कंत्राट्याला पूर्ण दर, म्हणून तो गेटबाहेर वडापाव खातो आणि वरून तंबाखूची चिमूट लावतो. जेवण दोघांना एकाच दरात मिळालं पाहिजे. ते होईपर्यंत 'तंबाखूमुक्त कारखाना' हा फलक खिडकीजवळ लावायला मी तयार नाही.