शाखा बंद झाली, आता खातं कुणाच्या हातात?

गावातली बँकेची शाखा बंद होते तेव्हा आपले पैसे कुठे जात नाहीत. शिल्लक तेवढीच राहते, खातंही आपल्याच नावावर राहतं. बदलतो तो पैशापर्यंत जायचा रस्ता. पण बायकांच्या बाबतीत रस्ता बदलला की हळूहळू मालकही बदलतो, असं मला दिसतं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

कोकणातल्या आमच्या गावची शाखा तालुक्याच्या शाखेत विलीन झाली. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हे खरं. पण काजूच्या कारखान्यातला एक दिवसाचा रोज बुडतो, तो कोण भरून देणार?

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मुलांच्या अम्मी कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. पूर्वी विचारायच्या, "आपा, सही कुठे करायची?" आता विचारतात, "आपा, खात्यात पैसे आलेत का ते कसं बघायचं? पण घरात सांगू नका." या शेवटच्या वाक्यात सगळं आलं.

बँकेच्या खिडकीचे दोष मला ठाऊक आहेत. रांग, बंद पडलेली लिंक, "उद्या या". तरी खिडकीसमोर बाई स्वतः उभी असायची. स्लिपवर तिची सही किंवा अंगठा, आणि नोटा तिच्याच हातात. आता एटीएम कार्ड मुलाकडे, पिन पुतण्याला पाठ आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दिराचा. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये तिच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, मेसेज मात्र दुसऱ्याच्या फोनवर वाजतो. यात कुणी चोर नाही, सगळे घरचेच आहेत. पण स्वतःचे दोनशे रुपये काढायलाही तिला कारण सांगावं लागतं.

"घरातल्या घरात हिशेब कसला?" असं मला ऐकवलं जातं. विश्वास असावाच. पण कायदा नातं बघत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार खातेदाराने स्वतःच पिन कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान खातेदारालाच सोसावं लागतं. आणि ज्या घरात खरंच विश्वास आहे, तिथे बाईचा पिन बाईकडे राहिला म्हणून कुणाचं काय बिघडतं?

तेव्हा काही कामं लगेच करण्यासारखी आहेत. पहिलं, खात्याला स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्यासाठी तालुक्याला एक खेप पडली तरी चालेल. त्याच खेपेत शाखेचा नवा आयएफएससी कोड लिहून आणा. घरातलं कुणी कुवेत-दुबईहून पैसे पाठवत असेल, तर त्याला तो कळवा. बँकेतले फॉर्म मराठीतून मागा. छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि राज्याच्या भाषेत ठेवावेत, असा नियम आहे.

दुसरं, अंगठ्याचं मशीन. बँक मित्राकडे आधारवर पैसे निघतात, पण तिथला अंगठा म्हणजे कोऱ्या चेकवरची सही समजा. आकडा आधी स्क्रीनवर बघा, पावती घ्या. "मशीन चाललं नाही, परत अंगठा ठेवा" असं म्हटलं तर आधी शिल्लक किती ते विचारा. काजूच्या चिकाने बोटं सोलवटलेल्या बायकांचा अंगठा बऱ्याचदा लागतच नाही. त्यांनी दुसरं बोट लावून बघावं आणि एटीएम कार्ड चालू ठेवावं.

तिसरं, पोस्टमन. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत तो दारात येऊन कुठल्याही बँकेच्या आधार जोडलेल्या खात्यातले पैसे देऊ शकतो. साधा बटणांचा फोन असेल तर *९९# लावूनही शिल्लक कळते, इंटरनेट लागत नाही. सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग खातेदारांना घरी सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायलाही नानीला रिक्षात घालून नेण्याची गरज नाही, फोनवर चेहरा दाखवून तो देता येतो. तरीही पैसे गेलेच, तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा.

पण हे सगळं एकेकट्या बाईवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ग्रामीण शाखा बंद करायला जिल्हास्तरीय समितीची मान्यता लागते. या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे हा केवळ बँकेचा घरगुती मामला नाही. ग्रामसभेने ठराव करून आठवड्यातून एक ठरलेला दिवस बँकेचा माणूस गावात बसावा, अशी मागणी करावी. त्या अर्जावर जमात कमिटी आणि बचत गट दोघांनीही सह्या कराव्यात. अडचण मोहल्ल्याची तशीच वाडीचीही आहे.

आणि शाळेने? आठवीच्या मुलींकडून मराठीच्या तासाला पैसे भरायची स्लिप भरून घेता येते, बँकेचा मेसेज वाचून घेता येतो. निबंधाइतकंच हेही मराठीच आहे. अट एकच. मुलीने अम्मीला वाचायला शिकवायचं, तिचा पिन पाठ करायचा नाही. नाहीतर पुतण्याकडची चावी लेकीकडे येईल, आणि अम्मी होती तिथेच राहील.