गुरूची प्रतिज्ञा

शिष्याने गुरूशी कसे वागावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. गुरू शिष्याचे काय देणे लागतो, हे क्वचितच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्या अध्यायात, शिष्योपनयनाच्या वेळी आचार्य शिष्याला नियम सांगतात आणि स्वतःलाही बांधून घेतात. शिष्य नीट वागत असता आपण अन्यथा वागलो, तर आपण पापाचे धनी होऊ व आपली विद्या निष्फळ ठरेल, असा त्या प्रतिज्ञेचा आशय आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, आचार्याची परीक्षा सांगितली आहे. तेथे निर्मळ शास्त्रज्ञान, कर्माचा अनुभव व समजावून देण्याचे सामर्थ्य यांच्याच पंक्तीला अहंकार, असूया व क्रोध यांचा अभाव बसविला आहे. बुद्धीचे गुण आणि शीलाचे गुण असे दोन कप्पे केलेले नाहीत. हे योग्यच आहे, असे आम्हांस वाटते.

बोरीवलीत अनेक सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या झाडाला लोक अशोक म्हणतात. औषधी अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, तो नव्हे. तरीही त्याची साल बाजारात अशोकाच्या नावाने खपविली जाते. समजा, एखाद्या आंतरवासी विद्यार्थ्याने सालीचा तुकडा पुढे करून 'ही खरी कशावरून?' असे विचारले. ओळख पटविण्यास ज्ञान लागते. पण खात्री नसल्यास 'तपासून पाहू' असे म्हणण्यास निरहंकार वृत्तीच लागते. ती नसेल तेथे प्रश्न दडपला जातो, विद्यार्थी पुन्हा विचारीत नाही, आणि संशयित साल रुग्णाच्या काढ्यात जाते.

भारतीय चिकित्सा पद्धतींसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या 2020 च्या अधिनियमात अध्यापकांसाठी पात्रता परीक्षेची तरतूद आहे. तिचे आम्ही स्वागतच करतो. मात्र परीक्षेत ज्ञान मोजले जाईल. शंका ऐकून घेण्याची वृत्ती शिष्यालाच रोज दिसते. शिवाय अध्यापन महाविद्यालयातच होते असे नाही. ज्यांच्या दवाखान्यात विद्यार्थी बसतो, ज्यांच्या औषधालयात तो द्रव्ये हाताळतो, ते सर्व अध्यापकच होत.

म्हणून आमची सूचना अशी: स्थानिक सभांत ज्येष्ठ वैद्यांनी यशस्वी रुग्णांबरोबर गुण न आलेला एक रुग्णही मांडावा, औषधालयाच्या चालकांनी खऱ्या व भेसळीच्या द्रव्यांचे नमुने शेजारी ठेवावेत, आणि पहिला प्रश्न सर्वांत धाकट्याने विचारावा. चरकोक्त संधाय संभाषेचा, म्हणजे सलोख्याने केलेल्या शास्त्रचर्चेचा, हाच खरा उपयोग होय.